लज्जा, विटाळ आणि बालदेह

लहान मूल आपल्या देहाकडे कोणत्या भावनेने पाहते, हा प्रश्न सामान्यतः बालसंगोपनाचा किंवा आरोग्यशिक्षणाचा मानला जातो. परंतु त्याच्या मुळाशी धर्मविचारातील एक जुना आणि अद्याप न मिटलेला वाद आहे. देह मुळातच मलिन आहे, म्हणून तो झाकावा, अशी एक भूमिका आहे. देह ज्याचा त्याचा आहे आणि मोलाचा आहे, म्हणून तो जपावा, अशी दुसरी. वरवर पाहता दोन्ही भूमिकांचा परिणाम सारखाच दिसतो, कारण दोन्हींत मुलाला कपडे घातले जातात, दार लावून आंघोळ करायला शिकवले जाते आणि चारचौघांत कसे वागावे हे सांगितले जाते. फरक पडतो तो मुलाच्या मनात, आणि तो किती दूरगामी असू शकतो याची जाणीव ठाणे जिल्ह्याच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याला ऑगस्ट २०२४ मध्ये फार कठोरपणे झाली. बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे त्या महिन्यात उघडकीस आले आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी स्थानकात रुळांवर उतरून लोकलगाड्या तासन्‌तास रोखून धरल्या. त्या दिवसाच्या घोषणा शिक्षेविषयी, पोलिसांच्या दिरंगाईविषयी आणि शाळेच्या जबाबदारीविषयी होत्या, आणि त्या रास्तच होत्या. पण चार वर्षांच्या मुलाला स्वतःच्या देहाविषयी काय ठाऊक असते, ते कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगितलेले असते, हा प्रश्न गर्दी ओसरल्यावर घराघरांत उरला.

बहुतेक मराठी घरांत या शिक्षणाची सुरुवात ‘शेम शेम’ या दोन शब्दांनी होते. आंघोळीनंतर ओल्या अंगाने मोरीतून पळत सुटलेले दोन-तीन वर्षांचे मूल, मागून टॉवेल घेऊन धावणारी आई किंवा आजी आणि समोर बसलेल्या पाहुण्यांचे हसू, हे दृश्य निरुपद्रवी आहे आणि त्यात माया आहे, हे कोणी नाकारणार नाही. तथापि मुलाच्या बाजूने पाहिले तर त्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळतात: आपल्या अंगाचा एक भाग हसण्याजोगा आहे आणि त्याविषयी बोलायचे नसते. नाक, कान, डोळे, पोट यांची नावे मुलाकडून कौतुकाने म्हणवून घेतली जातात. त्या एका भागाला मात्र ‘शी-शूची जागा’ किंवा नुसते ‘ते’ म्हटले जाते. नकाशावर एखादा प्रदेश कोरा सोडावा तसा मुलाच्या ज्ञानात देहाचा तो भाग कोरा राहतो, आणि त्या कोऱ्या जागेत घृणा व भय आपोआप शिरतात.

ही घृणा केवळ घरगुती सवयीतून आलेली नाही. तिला शास्त्राचे पाठबळ आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत शौच, म्हणजे शुद्धीचा नियम, पाळल्याने साधकाला स्वतःच्या अंगांविषयी जुगुप्सा वाटू लागते आणि इतरांच्या संसर्गाची इच्छा उरत नाही, असे फळ सांगितले आहे. बौद्ध साधनेत अशुभभावना नावाचा अभ्यास आहे; त्यात केस, नखे, दात, त्वचा यांपासून आतड्यांपर्यंत शरीराच्या भागांचे एकेक करून चिंतन केले जाते, जेणेकरून देहासक्ती शिथिल व्हावी. समर्थ रामदासांच्या दासबोधात तर दोन्ही सूर एकाच ग्रंथात ऐकू येतात: पहिल्या दशकाच्या शेवटच्या समासात नरदेहाचे स्तवन आहे, तर तिसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात गर्भवास आणि जन्म यांचे वर्णन वाचकाला किळस यावी अशा रीतीने केले आहे. यात विसंगती शोधण्याचा मोह होतो, पण ती विसंगती नाही. निंदा आणि स्तुती यांचा श्रोता एकच प्रौढ साधक आहे. देहाच्या सुखात बुडालेला असताना त्याला निंदा ऐकवायची आणि निराश झालेला असताना स्तुती, अशी ही योजना आहे.

येथेच या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. वैराग्य, म्हणजे ज्याची ओढ आहे त्यापासून मन मागे घेणे, हे औषध आहे, आणि प्रत्येक औषधाला त्याचा रोगी ठरलेला असतो. ज्याने देह आपला म्हणून पुरता अनुभवला आहे, त्यालाच त्याचा त्याग करता येतो. जे कधी आपले नव्हतेच ते सोडण्यात त्याग कसला? तीन-चार वर्षांच्या मुलाची देहाशी नुकती ओळख होत असते. आपला हात आपण हलवतो, आपल्याला भूक लागते, आपल्याला दुखले तर ते आपल्यालाच कळते, या साध्या गोष्टींतून ‘मी’ घडत असतो. त्या वयात देहाची जुगुप्सा शिकवणे म्हणजे साधकासाठी योजलेली मात्रा अजाण बालकाला पाजणे होय, आणि त्याचा परिणाम वैराग्यात होत नाही. अशा मुलाला देहाची आसक्ती सोडता येत नाही, फक्त देहाविषयी बोलता येत नाही. विपश्यनेच्या परंपरेने याबाबत दाखवलेला विवेक लक्षणीय आहे: इगतपुरी येथून प्रसार झालेल्या या साधनेत मुलांना आनापान, म्हणजे केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे निरीक्षण, शिकवले जाते, अशुभभावना त्यांच्या वाट्याला येत नाही.

घृणेविरुद्धचा आवाजही आपल्याच धर्मपरंपरेत, आणि फार पूर्वीपासून आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्त्रियांच्या ऋतुस्रावाला शरीराच्या इतर स्रावांच्याच पंक्तीत बसवून त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही असे सांगितल्याची नोंद लीळाचरित्रात आहे. चौदाव्या शतकात चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी त्याहून पुढचा प्रश्न विचारला: विटाळ जर देहातच असेल आणि प्रत्येक देह विटाळातूनच जन्मत असेल, तर विटाळापासून मुक्त असा कोण उरतो? जातीच्या उतरंडीत ज्यांच्या स्पर्शातच दोष मानला गेला, त्यांनी हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. देहाची घृणा आणि माणसाची घृणा यांत फार अंतर नसते, हे त्यांनी भोगून जाणले होते. उल्हासनगरच्या वस्तीलाही या विचाराचा वेगळा वारसा आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा घेतलेल्या आणि १९४९ मध्ये ज्यांच्या वसाहतीला हे नाव मिळाले, त्या सिंधी कुटुंबांपैकी अनेक गुरू नानकांना मानणारी आहेत, आणि सूतक, म्हणजे जन्माशी जोडलेले अशौच, ही कल्पना नानकांनी आपल्या वाणीत स्पष्ट शब्दांत नाकारली आहे.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात हा वाद न्यायालयापर्यंत गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. शरीरात मुळात अश्लील असे काही नाही, अश्लीलता पाहणाऱ्याच्या शिक्षणातून येते, ही भूमिका त्यांनी कोणतीही सबब न सांगता मांडली. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरी त्यांना दंड झाला. कर्व्यांचा बुद्धिवाद कधीकधी रुक्ष वाटतो आणि मर्यादा या गोष्टीचे मानसिक मोल त्यांनी पुरेसे ओळखले असे म्हणवत नाही. पण ज्या प्रश्नांना घरात उत्तर मिळत नाही ते प्रश्न वाचकांनी विचारावेत आणि त्यांना सरळ उत्तर मिळावे, एवढी सोय त्यांनी केली. ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाल्यानंतर ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, शाळांतील लैंगिक शिक्षणाला विरोध झाला तेव्हा महाराष्ट्र शासनाने तो अभ्यासक्रम थांबवला. तो अभ्यासक्रम किशोरांसाठी होता. बालवर्गाचा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

अशा शिक्षणाने मुलांची निरागसता हरवते, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो हसून उडवण्याजोगा नाही. मात्र त्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. कामविषयक ज्ञान ही एक गोष्ट आणि स्वतःच्या देहाची ओळख ही दुसरी. अवयवाचे नाव ठाऊक असणे, तो स्वच्छ कसा ठेवावा हे कळणे, आई-बाबांनी धुताना किंवा त्यांच्या समक्ष डॉक्टरांनी तपासताना होणारा स्पर्श आणि कोणीतरी गुपचूप, ‘कोणाला सांगू नकोस’ असे बजावून केलेला स्पर्श यांतील भेद ओळखता येणे, यांत कामज्ञान कोठेही नाही. निरागसता म्हणजे अज्ञान असे मानले, तर मुलाच्या अज्ञानावर ज्याची भिस्त असते असा माणूस त्या निरागसतेचा सर्वांत मोठा चाहता ठरतो.

शाळांत रूढ झालेल्या ‘गुड टच, बॅड टच’ या पाठाविषयीही थोडा विचार हवा. तो पाठ नसण्यापेक्षा असणे केव्हाही बरे. परंतु ‘बॅड’ हे विशेषण मुलाच्या मनात स्पर्शावर थांबत नाही, ते ज्याला स्पर्श झाला त्याच्यावर येऊन बसते, कारण ‘बॅड बॉय’, ‘बॅड गर्ल’ हे शब्द मुलाने स्वतःच्या खोड्यांसंदर्भात आधीच ऐकलेले असतात. म्हणून काही शिक्षक सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श असा शब्दप्रयोग करतात, तो अधिक समंजस आहे. शिवाय वर्गात शिकवलेला ‘नाही म्हण’ हा धडा त्याच संध्याकाळी घरी मोडला जातो. आलेल्या पाहुण्यासमोर मुलाला ‘काकांना पापी दे’ असा आग्रह होतो, ते अंग चोरते, आणि त्याच्यावर ‘लाजतो गं’ असा हसरा शिक्का बसतो. नमस्कार करायला सांगणे ही शिस्त झाली. पण अंगाशी लगट करून घ्यायला भाग पाडणे हे मुलाच्या नकाराला किंमत नसल्याचे त्याला मिळालेले पहिले प्रात्यक्षिक असते.

लज्जेचा सर्वस्वी निषेध करावा असा याचा अर्थ नाही. खासगीपणाची जाणीव मुलात चार-पाच वर्षांच्या सुमारास बहुधा आपोआप दिसू लागते. मूल दार लावते, कपडे बदलताना ‘बघू नका’ म्हणते. ही जाणीव घृणेतून येत नाही, आपलेपणातून येते. अंबरनाथचे शिवमंदिर या बाबतीत विचार करायला लावते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या या शिलाहारकालीन देवळाच्या बाह्य भिंती देवदेवता आणि सुरसुंदरी यांच्या मूर्तींनी गजबजलेल्या आहेत. दगडातला देह तेथे उघड्यावर, उन्हापावसात उभा आहे, आणि महाशिवरात्रीच्या जत्रेला खांद्यावर बसून आलेली मुले तो पाहत आली आहेत. गाभारा मात्र पायऱ्या उतरून, खाली आहे. गाभारा असा नजरेआड आहे तो त्यात काही ओंगळ असल्यामुळे नाही. (देवळांच्या गाभाऱ्यांपासून माणसांना विटाळाच्या नावाखाली दूर ठेवले गेले, हा इतिहास खराच, पण तो माणसांचा दोष आहे, वास्तूचा नाही.) गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र, म्हणजे शेत, आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटले आहे, आणि ज्ञानेश्वरीत या अध्यायाचा विस्तार मोठा आहे. शेताच्या या प्रतिमेचा अध्यात्मातील अर्थ बाजूला ठेवला तरी, शेताला बांध असतो आणि तो धन्याला माहीत असावा लागतो, एवढे तिच्यातून सहज निघते.

तत्त्वचिंतनात खासगीपणा गृहीत धरला जातो. उल्हासनगरच्या जुन्या बॅरकींत किंवा अंबरनाथच्या चाळीत तो जागेअभावी घडवावा लागतो. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि कोपऱ्यात मोरी, मोरीला दाराऐवजी पडदा, आणि बाहेर सामायिक शौचालयाची रांग, अशा घरात देहाची मर्यादा भिंतींवर अवलंबून राहू शकत नाही. तेथे ती माणसांच्या वागण्यातून उभी राहते: मुलगी आंघोळीला गेली की बाप न सांगता दाराबाहेर जाऊन बसतो, भाऊ पाठ फिरवतो, आजी पडद्याशी बसून राहते. अशा घरातील मुलांना देहाविषयी आदर शिकवता येत नाही असे मानणे हा सुखवस्तूंचा गैरसमज आहे. किंबहुना दुसऱ्याच्या देहाचा मान राखण्याचा सराव तेथे रोजचा असतो. मात्र सामायिक शौचालयात लहान मुलाला एकटे पाठवणे हा धोका तेथेही आहेच, आणि त्याला केवळ संस्कार हे उत्तर पुरत नाही.

बदलापूरच्या घटनेनंतर शासनाने शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या ‘सखी सावित्री’ समित्या यांविषयी आदेश काढले. कॅमेऱ्याचा उपयोग आहे, पण स्वच्छतागृहात तो बसवता येत नाही आणि बसवूही नये. म्हणजे देह जेथे सर्वाधिक एकटा असतो तेथेच यंत्राची नजर थांबते. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे यांनी ‘सातच्या आत घरात’ या मराठी चित्रपटाच्या नावाचा दाखला देत, हे बंधन मुलींवरच का, असा प्रश्न केला आणि मुलग्यांना लहानपणापासून शिकवण्याची गरज बोलून दाखवली. या सूचनेचा तात्त्विक आशय मोठा आहे. लज्जा हा स्त्रीचा अलंकार असे ज्या समाजात मानले जाते, तेथे मुलग्याला देहाविषयी एकतर काहीच शिकवले जात नाही किंवा त्याच्या नग्नतेचे कौतुक होते, आणि दुसऱ्याच्या देहाला बांध असतो ही गोष्ट त्याला फार उशिरा, बहुधा कोणाच्या तरी तक्रारीतूनच, कळते.

तरीही मुलाला शिकवण्याचा हा सारा भर एका मर्यादेत ठेवणे आवश्यक आहे, कारण स्वतःचे रक्षण करणे हे चार वर्षांच्या मुलाचे कर्तव्य असू शकत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याने, हा भार स्पष्टपणे मोठ्यांवर टाकला आहे: अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा, आणि मूल जसे बोलेल तसाच तो आई-वडिलांच्या किंवा मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या समक्ष नोंदवावा, असे त्यात सांगितले आहे. या शेवटच्या तरतुदीपाशी घरातील ‘शेम शेम’ची गाठ थेट कायद्याशी पडते. अधिकाऱ्याने मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, तर मुलाजवळ शब्द असावे लागतात, आणि शेजारी बसलेल्या आईला किंवा बापाला ते ऐकताना मध्येच ‘असं बोलू नये’ म्हणून थांबवण्याची सवय नसावी लागते.