झाडलोटीचा भाव

दिवाळी आली की झाडलोट आली. हल्ली ती कंत्राटाने करून देणाऱ्या लहान कंपन्याही निघाल्या आहेत. चौघांकडून दर मागवावेत आणि सर्वांत स्वस्ताला काम द्यावे, हा आपला व्यवहार. पण आपले वाचलेले पैसे कोणाच्या ताटातून आले?

घटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारी निषिद्ध ठरवली. १९८२ साली, एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ उलगडला: किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे हीदेखील सक्तीच; कारण भूकही माणसाला सक्ती करते.

ब्रिटनच्या २०१५च्या कायद्यानुसार ३ कोटी ६० लाख पौंड वा अधिक वार्षिक उलाढालीच्या कंपन्यांना, आपल्या आणि पुरवठादारांच्या कामात गुलामी शिरू नये म्हणून काय केले, ते दरवर्षी जाहीर करावे लागते. लहान कंपनी त्यातून सुटते. पण विवेकाला उलाढालीची अट असते काय?

लहान मालक म्हणेल, 'पुरी मजुरी दिली, तर काम दुसऱ्याला जाईल.' त्याचे म्हणणे खोटे नाही. तरीही मजुरी मजुराच्याच हाती द्यावी, उचलीच्या फासात कोणाला अडकवू नये, माणसे पुरवणाऱ्या मुकादमाचा हिशेब पाहावा, एवढे त्याच्या हातचे आहे. उरलेले आपल्या हातचे. दर ठरवताना आपण एकच विचारावे: 'यात मजुराला किती?' ज्या दरात किमान वेतन बसत नाही, त्या दराने लखलखणारी फरशी मला तरी स्वच्छ वाटत नाही.