कुंपणापलीकडचा माड

माड कोणाचा, हा प्रश्न मनोरीत सहसा विचारावा लागत नाही. वाडी ज्याची, माड त्याचा. परंतु माडावरचा भुंगा कोणाचा?

गेंड्या भुंग्याची मादी माडावर अंडी घालीत नाही. ती घालते उकिरड्यात, शेणखतात, कुजत पडलेल्या ओंडक्यात. पंख फुटले की भुंगा रात्री उडत कोणाच्याही माडाच्या शेंड्यात शिरतो व कोवळा कोंब पोखरतो. पुढे झावळी उलगडते ती कात्रीने त्रिकोणी कातरल्यासारखी. त्याने केलेल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोड आतून खातात. वरून हिरवा दिसणारा माड एके दिवशी शेंडा टाकतो. ज्याच्या परसात ओंडका कुजतो त्याचा कदाचित एकही माड उरलेला नसेल. नुकसान सोसतो तो शेजारी. ‘मी काहीच केले नाही’ असे तो म्हणाला, तर ते खरेच असते. परंतु मिस्साच्या आरंभी आपल्या पापांची कबुली देताना आपण कर्तव्यातील कसुरीही कबूल करतो, ती हीच.

कीड परकी म्हणून हात झटकणे सोपे आहे. २०१६ साली तामिळनाडूत पोल्लाचीजवळ आढळलेली चक्राकार पांढरी माशी मूळची मध्य अमेरिकेतील, आणि ती आता कोकणातही आहे. पण आपल्याकडचा गेंड्या भुंगा १९०९ साली सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर सामोआला पोचला. सोंड्या भुंगा १९८०च्या दशकात आखातातील खजुरांत शिरला. (आपल्या किती घरांतील मुले त्याच आखातात पोटासाठी गेली!) तेथे परके ठरलो ते आपण.

शिवाय कर्तव्य म्हणजे नेहमी काही करणेच, असेही नव्हे. पांढऱ्या माशीवर सरसकट विषारी फवारणी केली, तर तिच्या पिलांवर जगणारा इवला मित्रकीटकही मरतो. तेथे हात आवरणे हेच कर्तव्य.

अवघड प्रश्न पुढेच आहे. घरात एकटी वृद्धा; माडावर चढणाऱ्याची मजुरी तिला परवडत नाही. आमच्या मते दोष आणि जबाबदारी ह्या निराळ्या गोष्टी आहेत. दोष तिच्या माथी मारता येणार नाही. जबाबदारी मात्र आळीने वाटून घ्यावी. उभा माड तोडावयाचा तर १९७५च्या कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी. पडलेला ओंडका चिरणे, पावसाआधी उकिरडा उलथून अळ्या कोंबड्यांपुढे टाकणे, ही कामे शेजाऱ्यांच्या हातची आहेत. कुलूपबंद वाडीच्या मालकाला मात्र पत्र लिहूनच विचारावे लागेल.