आमिष आणि अज्ञान

आमचा एक जुना विद्यार्थी गेलीं पुष्कळ वर्षें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगन राज्यांत राहतो. धंद्यानें तो इंजिनिअर आहे. परंतु शरद ऋतूंत तेथील नद्यांना सॅमन मासे चढूं लागले म्हणजे सुटीच्या दिवशीं गळ घेऊन नदीकांठीं उभें राहण्याचा नाद त्यास लागला आहे. गेल्या दिवाळींत त्याचें एक लांबलचक पत्र आम्हांस आलें. कॉलेजांत असतां नीतिशास्त्राच्या तासाला मागच्या बांकावर बसून डुलक्या घेणाऱ्या या गृहस्थानें पंचवीस वर्षांनंतर नीतिशास्त्रांतलाच एक प्रश्न आम्हांस विचारावा, याचें आम्हांस कौतुक वाटलें. प्रश्न वरवर पाहतां क्षुद्र आहे. माशाच्या अंड्यांचें आमिष टिकविण्याची जी कृति तो कित्येक वर्षें करीत आला, तिच्यामुळें त्यास दोष लागतो कीं नाहीं, एवढेंच त्यास हवें आहे. परंतु उत्तर लिहावयास बसलों तेव्हां प्रश्न वाटला तितका लहान नाहीं असें दिसून आलें. म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम ही कृति काय आहे तें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे कोंकणांत जिला गाभोळी म्हणतात, ती सॅमनच्या मादीच्या पोटांत दोन लांबट पेशींच्या रूपानें असते. एकेक अंडें लहान वाटाण्याएवढें, नारिंगी-तांबड्या रंगाचें व आंतून तेलकट रसानें भरलेलें. मासा बाहेर येतांच त्याचे कल्ले कापून रक्त वाहूं देतात. कारण रक्ताचा अंश राहिला तर अंडीं लवकर नासतात. मग गाभोळी अलगद काढून, तिला पाणी लागूं न देतां, तिचे सुपारीएवढे तुकडे करतात. त्यांवर मीठ, साखर, टांकणखार आणि तांबडा रंग यांची पूड भुरभुरून ते बरणींत भरून ठेवतात. कांहीं वेळानें अंड्यांना पाणी सुटतें. बरणी अधूनमधून उलटीसुलटी केली म्हणजे तोच रस अंडीं पुन्हां पिऊन घेतात आणि टपोरीं होतात. नंतर तीं निथळून, किंचित् वाळवून, शीतपेटींत गोठवून ठेवलीं म्हणजे पुढच्या हंगामापर्यंतही उपयोगीं पडतात. घरांतील लोणच्यांच्या बरण्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस या कृतींत अनोळखी असें फारसें कांहीं वाटणार नाहीं. फरक इतकाच, कीं बाजारांत मिळणाऱ्या तयार पुडींत पुष्कळदां सोडियम सल्फाईट नांवाचा एक क्षार घातलेला असे. त्यानें अंड्यांचा रंग उजळ राहतो, तीं टिकतात, आणि मासे त्यांकडे अधिक ओढले जातात असा गळ टाकणारांचा अनुभव आहे. वाण्याच्या दुकानांतील जर्दाळूचा केशरी रंग ज्या गंधकाच्या धुरीनें टिकवितात, त्याच कुळांतला हा पदार्थ.

आतां ज्या माशासाठीं हा खटाटोप, त्याचें चरित्र पाहूं. पॅसिफिक महासागरांतील चिनूक, कोहो इत्यादि सॅमन गोड्या पाण्यांत जन्मतात, समुद्रांत वाढतात आणि कांहीं वर्षांनीं आपल्या जन्मनदीस परत येतात. एकदां नदींत शिरल्यावर ते अन्न जवळजवळ वर्ज्य करतात व अंगांत सांठविलेल्या चरबीवर प्रवाहाविरुद्ध चढून जातात. मादी शेपटीनें गोटे उकरून खळगा करते, त्यांत हजारों अंडीं घालते, नर तीं फळवितो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दोघेही मरतात. त्यांच्या कलेवरांवर अस्वलें, गरुड व पाण्यांतील कीटक पोसतात. कांठच्या झाडांनाही त्यांचें खत मिळतें.

भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें जे चोवीस गुरु सांगितले आहेत, त्यांत मीन हा एक आहे. जिभेच्या लोभानें तो गळ गिळतो व प्राणास मुकतो. म्हणून रसनेस जिंकावें, हा त्याचा धडा. एकनाथमहाराजांच्या टीकेमुळें हा दृष्टांत मराठी घरांतून रुळला आहे. परंतु सॅमनला तो लागू पडत नाहीं. हा मासा निराहारी आहे, तरी अंड्यांच्या आमिषास तो तोंड घालतो. कोणी म्हणतात ही लहानपणची संवय, कोणी म्हणतात चीड, कोणी म्हणतात परकीं अंडीं आपल्या जागेपासून दूर करण्याची ती प्रेरणा असावी. कारण कोणतेंही असो, ‘लोभाचें फळ भोगलें’ असें म्हणून माशाच्या माथीं खापर फोडण्याची सोय येथें नाहीं. जो कांहीं विचार करावयाचा, तो दोरीच्या दुसऱ्या टोकाचाच केला पाहिजे.

अहिंसेचा मूळ प्रश्न आम्ही येथें काढीत नाहीं. तो काढला तर गळाचाच निकाल लागतो. आमिषाविषयीं बोलण्यासारखें कांहीं उरत नाहीं. गळ टाकणें मान्य करूनच हा विद्यार्थी विचारीत आहे. त्याचें म्हणणें असें, कीं सरकारी उबवणकेंद्रांत वाढवून सोडलेले मासे ओळखूं यावेत म्हणून त्यांच्या पाठीवरील शेपटीजवळचा एक लहानसा पर कापलेला असतो. तेवढेच मासे तो घरीं आणतो, बाकीचे नदींत परत सोडतो. मांस घरांत खाल्लें जातें आणि गाभोळी फुकट न घालवितां आमिषाच्या उपयोगीं आणली जाते. अलास्का राज्यांत तर केवळ अंड्यांसाठीं मासा मारून मांस टाकून देणें हा कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां हें वर्तन उधळेपणाचें नव्हे, काटकसरीचें आहे, असें कोणीही म्हणेल. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसांत ओढ्यांना चढणारे मासे, त्यांच्या पोटांत गाभोळी असतांनाच, चढणीचे मासे म्हणून कोंकणांत हौसेनें धरतात. त्यांस निदान हा मनुष्य नांवें ठेवण्याजोगा दिसणार नाहीं.

असो. परंतु इ. स. २०१० च्या सुमारास एक नवी गोष्ट उजेडांत आली. ओरेगनच्या मत्स्यखात्यानें व तेथील राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं सॅमनच्या लहान पिल्लांस अशीं टिकविलेलीं अंडीं खाऊं घालून पाहिलीं, तेव्हां त्यांतील कित्येक पिल्लें मेलीं. आणि शोध घेतां दोष सोडियम सल्फाईटकडे गेला. कोहोसारख्या जातींचीं पिल्लें वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ नदींतच राहतात, आणि वाहत आलेलें अंडें हें त्यांचें आवडतें खाद्य. गळावरून सुटलेलीं, दिवस संपल्यावर पाण्यांत झटकून दिलेलीं अंडीं तीं गिळतात. एका मादीच्या पोटचीं अंडीं अशा रीतीनें टिकवावयाचीं, कीं त्यांनींच तिच्या जातीचीं पिल्लें मरावींत! गळ टाकणाऱ्यास यांतलें कांहींच दिसत नाहीं. त्याच्या डोळ्यांपुढें गळाला लागलेला मोठा मासा असतो; बोटभर लांबीचें पिल्लूं कोठें मेलें, हें नदीही त्यास सांगत नाहीं. सरकारनें पूड करणाऱ्या कारखानदारांशीं बोलून कृति बदलण्याचा मार्ग पत्करला, आणि आमच्या विद्यार्थ्यानेंही त्या वर्षापासून आपली पूड बदलली. त्याचा प्रश्न आहे तो त्यापूर्वींच्या वर्षांचा. ‘मला ठाऊक नव्हतें,’ असें तो लिहितो. ‘एवढें पुरें आहे का?’

आम्हांस येथें महाभारताच्या आदिपर्वांतील पंडूची कथा आठवली. किंदम नांवाचा ऋषि मृगाचें रूप घेऊन मृगीशीं रत असतां पंडूनें बाण मारला. मरतांना ऋषीनें दिलेला शाप सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वीं त्यानें जो न्याय केला, तो फारसा कोणी लक्षांत घेत नाहीं. मृग मारल्याबद्दल मी तुला बोल लावीत नाहीं, असें तो म्हणतो. मी ऋषि आहें हें तुला ठाऊक नव्हतें, म्हणून ब्रह्महत्येचें पातकही तुला लागणार नाहीं. मात्र तूं क्षणभर थांबावयास हवें होतेंस. जें पंडूस दिसणें शक्य नव्हतें, त्याची त्यास माफी मिळाली. जें त्याच्या डोळ्यांसमोर होतें, त्याचा जाब त्यास द्यावा लागला. याहून अचूक निवाडा आम्हांस कोठल्याही पाश्चात्य नीतिग्रंथांत आढळला नाहीं.

हाच निवाडा लावला तर आमचा विद्यार्थी सुटला, असें प्रथम आम्हांस वाटलें. पिल्लांच्या पोटांत काय होतें हें प्रयोगाशिवाय कळण्यासारखें नव्हतें. तसें उत्तर लिहूनही झालें होतें. परंतु पत्र पुन्हां वाचतां त्यांतील एका ओळीवर आमची नजर थबकली. अंडीं मुरवितांना, तो लिहितो, ‘मी नेहमीं रबरी हातमोजे घालीत असें. रंगानें बोटें माखतात म्हणून, आणि पूड हातांना बरी नाहीं म्हणून.’ त्यानें ही ओळ सहज लिहिली असेल. आमच्या मतें सगळा प्रश्न तींत आहे. जी पूड आपल्या कातडीस लागूं नये म्हणून आपण जपतों, ती आपण होऊन एका वाहत्या नदींत सोडतों, आणि पुढें ती कोणाच्या तोंडांत जाते हें विचारीत नाहीं. हें निव्वळ अज्ञान नव्हे. अज्ञान दोन प्रकारचें असतें. एक, जें दूर करणें आपल्या हातीं नसतें. आणि दुसरें, जें दूर केलें तर आपली अडचण होईल म्हणून आपण त्यास हात लावीत नाहीं. पहिल्यास क्षमा आहे. दुसरें अज्ञान म्हणजे न विचारलेला प्रश्न, आणि त्याचा जाब विचारतां येतो.

यावर कोणी म्हणेल, कीं दोष कारखानदाराचा. त्यानें ती पूड विकली. तो आहेच, आणि मोठा आहे; परंतु दोष ही वांटून घेतल्यानें कमी होणारी मिळकत नव्हे. कोणी म्हणेल, एका माणसाच्या चिमूटभर पुडीनें नदीचें काय बिघडणार? परंतु कांठावर उभा असलेला प्रत्येक जण हेंच म्हणतो, आणि नदी एकच असते. उलट, दोष म्हणजे कपाळीं कायमचा बसलेला डाग, असेंही आम्ही मानीत नाहीं. आपल्या परंपरेंत पापाइतकाच ऋण हा शब्द जुना आहे, आणि अशा ठिकाणीं तोच अधिक उपयोगाचा. पापाचा विचार करीत बसणारा मनुष्य बहुधा स्वतःकडेच पाहत राहतो. ऋणको मात्र धनकोकडे पाहतो व काय फेडतां येईल याचा हिशेब करतो.

शेवटीं त्यास आम्हीं लिहिलें तें असें: पहिल्या वर्षांत तुला काय ठाऊक नव्हतें याचा फार शोक करूं नकोस, हातमोजे घालतांना जो प्रश्न मनांत आला नाहीं, त्याचा मात्र विचार कर. पूड बदललीस तें ठीकच. दिवस संपल्यावर उरलेलीं अंडीं पाण्यांत न झटकतां घरीं परत आण. आणि कांठावर नवीन पोरें अंडीं मुरवावयास शिकत असतील, त्यांस कृतीबरोबर ही हकीकतही सांग.

त्याचें उलट उत्तर नुकतेंच आलें. यंदा तो आपल्या मुलीस बरोबर नेणार आहे, आणि मीठ, साखर व टांकणखार एवढ्यावरच अंडीं टिकविणार आहे. त्यांचा रंग तितका उजळ येत नाहीं, आणि मासेही कमी लागतात, असें तो लिहितो.