ताकद कार्डात असते का?

चौथ्या पिढीचा आय5 प्रोसेसर, आठ जीबी डीडीआर3 रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि एखाद्या ऑफिसातून निवृत्त झालेला डबा. कमी पैशांत गेमिंग करू पाहणाऱ्या अनेकांचा संसार अशाच यंत्रावर सुरू होतो. 2013 सालच्या या प्रोसेसरवर आजचे गेम चालवायचे, पण नवा संगणक घेण्याइतके पैसे नाहीत. मग काय बदलायचे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: परवडेल तेवढे दणकट ग्राफिक्स कार्ड. ताकद ही वस्तूच्या आत भरलेली असते आणि वस्तू घरी आणली की तीही सोबत येते, असा या उत्तरामागचा समज आहे. तो मला चुकीचा वाटतो. एरवी हा बाजारातला प्रश्न म्हणून सोडून देता आला असता, पण कारणाच्या ठायी ‘शक्ती’ नावाचे काही असते का, यावर मीमांसक, बौद्ध आणि नैयायिक शतकानुशतके भांडले आहेत. संगणकाचा हा डबा त्या भांडणाची चांगली परीक्षा घेतो.

आधी पुरावा. एएमडीने 2022 च्या जानेवारीत आरएक्स 6500 एक्सटी हे स्वस्त कार्ड बाजारात आणले. मेमरी चार जीबी आणि मदरबोर्डशी बोलायला फक्त चार लेन. पीसीआय एक्सप्रेस 4.0 च्या बोर्डावर या चार लेनमधून सेकंदाला सुमारे आठ जीबी माहिती जाते, 3.0 वर चार, आणि जुन्या एच81 बोर्डावर, जिथे स्लॉट 2.0 चा असतो, जेमतेम दोन. कार्डाची मेमरी भरली की गेमला टेक्श्चर मुख्य रॅममधून मागवावे लागतात आणि नेमकी तिथेच ही वाट अडते. म्हणजे ज्याच्याकडे जुने यंत्र आहे, त्याच्यासाठीच हे स्वस्त कार्ड सर्वांत लंगडे. उलटाही प्रकार होतो. प्रोसेसर म्हातारा आणि कार्ड तरुण असेल, तर रिझोल्यूशन वाढवले तरी बऱ्याचदा फ्रेम कमी होत नाहीत, कारण कार्ड तसेही हात बांधून बसलेले असते. रॅमची एकच स्टिक असलेल्या यंत्रात तशीच दुसरी बसवली की मेमरीची वाट दुप्पट रुंद होते. पहिल्या स्टिकमध्ये काहीही बदललेले नसते. सर्वांत बोलके उदाहरण जीटीएक्स 1080 टीआय या कार्डाचे. 2017 मध्ये ते घरगुती गेमिंगच्या शिखरावर होते. 2023 मध्ये ‘ॲलन वेक 2’ हा गेम आला. त्याची मांडणी मेश शेडर या नव्या सोयीवर बेतलेली, आणि ती या कार्डात नाही. शिखरावरचे कार्ड अडखळू लागले. पुढच्या वर्षी गेमचा एक अपडेट आला आणि तेच कार्ड बरेच सुधारले, एक स्क्रूही न हलवता. मग ताकद कुठे होती, कुठे गेली आणि कुठून परत आली?

मीमांसकाचे उत्तर असे असेल: ताकद कार्डातच होती, तिला अडथळा झाला. त्यांचे आवडते उदाहरण अग्नीचे. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ ठेवला की जाळत नाही, असे तेव्हा मानत. डोळ्यांना दिसणारा अग्नी तर तसाच आहे. तेव्हा दिसत नाही असे काहीतरी, म्हणजे शक्ती, त्यात असली पाहिजे आणि मण्याने तीच कुंठित केली असली पाहिजे. आजचा गेमर ‘प्रोसेसर बॉटलनेक करतोय, कार्डाची पॉवर वाया जातेय’ म्हणतो, तेव्हा तो नकळत मीमांसकच असतो. दहाव्या शतकातल्या मिथिलेच्या नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याला उत्तर दिले आहे. अदृश्य शक्ती मानायची गरजच नाही. अडथळा नसणे हेही कारणांपैकीच एक कारण आहे. कार्य एकट्या वस्तूतून निघत नाही, सगळी सामग्री जमल्यावर निघते. मणी आला की सामग्री अपुरी पडली, एवढेच. माझ्या मते बॉटलनेकचे याहून काटेकोर वर्णन कुठल्याही हार्डवेअर समीक्षेत सापडणार नाही. वाया जायला मुळात काही साठवलेलेच नसते.

यावर कोणी म्हणेल, मग कार्डांच्या तुलनेचे आकडे कुठून येतात? ते येतात त्या त्या वेळच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरवर कार्ड बसवून, म्हणजे बाकी सगळे अडथळे मुद्दाम दूर करून. तो आकडा खरा असतो, पण त्या सामग्रीचा; तुमच्या टेबलाखालच्या डब्याचा नव्हे.

बौद्ध तार्किकांचा आक्षेप यापेक्षा जड आहे. कोठीतले बी उगवत नाही, शेतातले उगवते. ज्यात सामर्थ्य आहे ते काम करणारच; करत नसेल तर सामर्थ्य नाही; म्हणून कोठीतले बी आणि शेतातले बी ही एकच वस्तू नव्हे. हा न्याय लावला तर जुन्या डब्यातले कार्ड आणि नव्या डब्यातले कार्ड ही दोन कार्डे ठरतात. युक्तिवाद मोहक आहे, पण तो मानला तर कुठलेही कार्ड निवडायला आधारच उरत नाही. जीटी 710 सारखे कार्ड कितीही थोर प्रोसेसरशेजारी बसवा, आजचे मोठे गेम ते नीट चालवणार नाही. हा फरक कार्डातलाच आहे. नैयायिक त्याला स्वरूपयोग्यता म्हणतात: बी पेरण्याजोगे आहे, सहकारी कारणे यायची आहेत. योग्यता मान्य करायची, पण तिला साठवलेले बळ समजायचे नाही, ही मधली वाट मला पटते.

मात्र हीच वाट धरून ‘आज मोठे कार्ड घेतो, प्रोसेसर नंतर बदलीन’ असे म्हणता येते. हा हिशेब काही वेळा बरोबरही असतो. एएम4 सॉकेटच्या 2017 च्या अनेक बोर्डांवर 2022 पासून बायोस अपडेट करून रायझन 5000 मालिकेतला प्रोसेसर बसतो. तिथे सहकारी कारण हाताशी आहे. पण डीडीआर3 च्या यंत्रात आजचा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड आणि नवी रॅमसुद्धा. तोवर कोठीतले बीही म्हातारे होते. 2024 अखेरच्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला रे ट्रेसिंगचे हार्डवेअर लागतेच, 1080 टीआयची अकरा जीबी मेमरी तिथे कामाची नाही.

खेळाच्या यंत्रासाठी शास्त्र कशाला राबवायचे, हाही आक्षेप घेता येईल. पण हा वाद मुळातच कापड, मडकी आणि बियाणे घेऊन लढला गेला आहे, आणि तोही थोर हेतूने: ‘न्यायकुसुमांजली’ ईश्वरसिद्धीचा ग्रंथ आहे. यज्ञातल्या भातावर पाणी शिंपडले, म्हणजे प्रोक्षण केले, की भातात काही अतिशय, म्हणजे नवा विशेष, उत्पन्न होतो का, हा त्यातलाच एक प्रश्न. उदयनांचा निर्णय असा की संस्कार भातावर नव्हे, प्रोक्षण करणाऱ्या पुरुषावर होतो. कर्माचे फळ वस्तूत शोधणे त्यांना मान्य नव्हते. महागड्या खोक्यातून नवे कार्ड काढताना जी श्रद्धा असते, तिच्यावर हा निर्णय तसाच्या तसा लागू पडतो.

तेव्हा तुमचे पैसे थोडे असतील तर पहिला खर्च एसएसडीचा करा; ‘सायबरपंक 2077’सारखे गेम 2023 पासून तीच किमान अट म्हणून मागतात. मग रॅमची जोडी पूर्ण करा. त्यानंतर डबा उघडून एसएमपीएसचे लेबल वाचा. ऑफिसच्या यंत्रांत कार्डासाठी वेगळी पॉवर केबल बहुधा नसते आणि स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. त्यात भागणारे जीटीएक्स 1650 सारखे जुने कार्ड अशा डब्यात 6500 एक्सटीसारख्या नव्या कार्डापेक्षा अनेकदा जास्त फ्रेम देईल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आणखी कुठे कार्डाचा भाव विचारायच्या आधी बोर्डाचा नंबर लिहून घ्या.