आधी ओढायला शीक

कोल्हापूर

चि. भाच्यास,

डंबेलची जोडी घेऊ की रेझिस्टन्स बँड, पैसे एकाचेच आहेत, असं तू विचारलंस. फोनवरच ‘बँड घे’ म्हणून मी मोकळा झालो असतो. पण कारण कळल्याशिवाय घेतलेली वस्तू महिन्याभरात खुंटीला लागते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दुकानात जाण्याआधी स्वतःचा दिवस बघ. तुमच्या हुपरीत घर कुठं संपतं आणि चांदीचं काम कुठं सुरू होतं ते सांगता येत नाही. सोप्यात बसून पैंजणाच्या कड्या जोडायच्या, झाळायच्या, घुंगरू बसवायचे. मांडी घातलेली, पाठीला पोक, मान खाली, दोन्ही हात पुढं. असं दिवसभर बसलं की खांदे पुढं झुकतात आणि दोन फऱ्यांमधले स्नायू ताणून ताणून दमतात. संध्याकाळी तुझी मान भरून येते ती याच्यामुळं. तुला दंड फुगवायची हौस आहे, वयच तसं आहे. पण कामानं तुझ्याकडून जे रोज काढून घेतलंय ते आधी भरून काढ. तुला हवंय ते मागं ओढण्याचं बळ.

इथंच दोन्ही साधनांतला फरक कळतो. डंबेलचा भार फक्त खाली, जमिनीकडं. उभं राहून तू डंबेल छातीकडं आडवं ओढलंस तर त्या दिशेनं ते तुला काहीच विरोध करत नाही. पाठीचा व्यायाम डंबेलनं करायचा तर कमरेत वाकावं लागतं किंवा बाकड्याचा आधार घ्यावा लागतो. दिवसभर वाकलेल्या माणसानं संध्याकाळी पुन्हा वाकायचं? बँड मात्र जिथं बांधशील तिथून ओढतो. छातीच्या उंचीवर बांधला, ताठ उभा राहिलास आणि कोपरं मागं नेलीस की झालं. शिवाय रबर जितकं ताणावं तितकं जड होतं. सगळ्यांत जास्त जोर लागतो तो शेवटी, फऱ्या एकमेकांजवळ येतात तेव्हा. नेमकं तिथंच तुझं बळ कमी पडतं.

‘रबरानं कुठं ताकद येते का’ असं तुझे मित्र म्हणतील. 2019 साली बँड आणि नेहमीची वजनं यांची तुलना करणाऱ्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दोन्हींनी ताकद साधारण सारखीच वाढते, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्या जुन्या तालमींतही दोन्ही प्रकार होते. मुद्गल आणि करेला या जड गदा फिरवायचे ते वजनासाठी. आणि तू गणपतीच्या मिरवणुकीत जी लेझीम बघतोस, तिचं तालमीतलं रूप म्हणजे लोखंडी साखळी लावलेलं धनुष्य. पैलवान ते ओढायचे, आणि जितकं ओढावं तितकं ते अंगावर यायचं. 1904-05 मध्ये हिंदुस्थानचा दौरा करणारा व्यायामपटू युजेन सँडो तर दोन्ही विकायचा, डंबेलही आणि दाराला अडकवायच्या रबरी दोऱ्याही. पुढं औंधचे राजे झालेले भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोचं साहित्य आणून सुमारे दहा वर्षं व्यायाम केला आणि मग ते सूर्यनमस्कारांकडं वळले. साधन बदललं, पण आधीचं दहा वर्षं नेटानं करून मग. मला त्यांचा हा गुण मोठा वाटतो.

आता डंबेलची बाजूही ऐक. चांदीच्या धंद्यातला माणूस ग्रॅमवर चालतो, आणि डंबेल हिशेबाला चोख आहे. पाच किलो म्हणजे आजही पाच आणि वर्षानंही पाच. बँडच्या रंगावर भरवसा ठेवू नकोस. एका कंपनीचा लाल दुसरीच्या हिरव्याएवढा निघतो. म्हणून फरशीवर खडूनं रेघ मार, रोज तिथंच उभा राहा आणि किती वेळा ओढलंस ते वहीत लिही. पंधरा वेळा सहज जमायला लागलं की पाऊलभर मागं सरक किंवा जाड बँड घे. पायांच्या बाबतीतही डंबेल सरस आहे. पण तुला सध्या बैठका पुरेत; शंभर बैठका न थांबता काढता आल्या की मगच छातीशी डंबेल धरायची गरज पडते.

बँडची काळजी मात्र डंबेलपेक्षा जास्त घ्यावी लागते. लॅटेक्सला ऊन, उष्णता आणि तेल सोसत नाही. आणि तुमच्या घरात तर चांदी उजळायचं ॲसिड असतं. त्याच्या वाफेत बँड ठेवू नकोस, आतल्या खोलीत डब्यात ठेव. रोज ओढण्याआधी बोटांनी चाचपून बघ. बारीक चीर दिसली तरी टाकून दे, कारण तुटलेलं टोक थेट डोळ्यावर येतं. खिडकीच्या गजाला बांधायचा तर आधी गजावर फडकं गुंडाळ. दाराला अडकवलास तर दार बंद होताना ज्या बाजूला जातं त्या बाजूनं ओढ, म्हणजे ते तुझ्या अंगावर उघडणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मुख्य स्नायूंचा व्यायाम करावा असं आहे. तू तीन दिवस कर, एक दिवसाआड. छातीकडं ओढणं, हात समोर धरून बँड दोन्हीकडं ताणणं, बैठका आणि जोर, प्रत्येकी तीन फेऱ्या. शेवटच्या दोन खेपा जड जाव्यात, पण पाठ वाकडी होऊ नये. हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील तर व्यायाम थांबव आणि डॉक्टरला दाखव.

आणि एक. ताई, म्हणजे तुझी आईसुद्धा, तुझ्याइतकीच कड्या जोडायला बसते, वर चूल-पाणी वेगळंच. पन्नाशीकडं झुकलेल्या बाईची हाडं झिजायला लागतात. स्नायूंवर जोर देणारा व्यायाम ती झीज सावकाश करतो. डंबेलची जोडी आणलीस तर ती तुझ्याच मापाची असेल. बँडचा संच आणलास तर पातळ तिला, जाड तुला. ती ‘मला कशाला’ म्हणेल, ते मनावर घेऊ नकोस. आधी तिला उभी कर, मग तू ओढ. दिवाळीला हातात पैसे आले की डंबेल घेऊ, आणि तेव्हा किती किलोचं घ्यायचं ते तुझी वही सांगेल.

तुझा,
मामा