टनामागे किती लिटर?

इथेनॉल हे बहुधा एकमेव रसायन असावं, ज्याचा सरकारी भाव त्याच्या कुळावरून ठरतो. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात तेल कंपन्यांनी उसाच्या थेट रसापासून केलेल्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे दिले. बी-हेवी मळीच्या इथेनॉलला ६० रुपये ७३ पैसे, सी-हेवी मळीच्या ५७ रुपये ९७ पैसे, खराब धान्याच्या ६४ रुपये आणि मक्याच्या ७१ रुपये ८६ पैसे मिळाले. रेणू तोच, शुद्धता तीच. पेट्रोलमध्ये मिसळल्यावर यातलं मक्याचं कोणतं आणि उसाचं कोणतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

म्हणजे इंधनासाठी पिकांची प्रतवारी आपल्याकडे सुरू झालेलीच आहे. फरक इतकाच की ती दिल्लीत कागदावर होते. आता प्रश्न पुढच्या पायरीचा आहे: गेटवर उभ्या असलेल्या या ट्रॉलीतल्या उसातून किंवा या पोत्यातल्या मक्यातून किती लिटर निघेल, हे आधीच सांगून त्याप्रमाणे माल वेगळा काढायचा का? यंत्रं आहेत. निअर इन्फ्रारेड प्रकाश दाण्यावर टाकला की पाणी, पिष्ट, प्रथिनं आणि तेल तो आपापल्या पद्धतीने शोषतात. प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्यांशी ताळा बसवलेला असला की मिनिटाभरात अंदाज हाती येतो. अमेरिकेत पायोनियर आणि मोन्सॅन्टो या बियाणे कंपन्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकातच जास्त आंबणाऱ्या मक्याचे संकरित वाण निवडून त्यांच्या याद्या काढल्या. पुढे सिंजेन्टाने तर पिष्ट फोडणारं विकर दाण्यातच तयार करणारा एनोजेन मका आणला आणि तो पिकवणाऱ्याला जादा दर मिळू लागला.

लातूरच्या शेतकऱ्याला प्रतवारी नवी नाही. आडतीवर सोयाबीनचा ढीग ओतला की ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा पाहूनच सौदा पुढे सरकतो. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभेचं मतदान तोंडावर असताना, ती १५ टक्के झाली. दाणे तेच, पाऊस तोच. पण आदल्या दिवशी परत गेलेला माल दुसऱ्या दिवशी चालू लागला. यंत्र आकडा देतं, तो कुठे कापायचा हे माणसं ठरवतात. इंधनाच्या प्रतवारीबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही.

खरी गंमत उसात आहे. ऊस साखरेसाठी मोजला तर एक क्रम लागतो आणि इथेनॉलसाठी मोजला तर दुसरा. साखरेला हवी ती स्फटिक होणारी सुक्रोज. तोडलेला ऊस उन्हात पडला की सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. साखरेच्या पॅनवर ते नुकसान, कारण या शर्करा स्वतः स्फटिक होत नाहीत आणि इतरांनाही होऊ देत नाहीत. यीस्टला मात्र तिन्ही सारख्याच. तेव्हा साखरेच्या दृष्टीने हलका ठरलेला ऊस आसवनीत तितका हलका नसतो. अर्थात याचा अर्थ ऊस चार दिवस फडात वाळवावा असा नाही. शिळ्या उसात ल्युकोनोस्टॉक जिवाणू शिरतात, साखर खाऊन डेक्स्ट्रानचा चिकट गोळा करतात, आणि मग साखरही जाते, अल्कोहोलही जातं. पण एक-दोन दिवस अडकलेला ऊस, शुद्धता कमी असलेला लवकर तोडीचा ऊस, शेंड्याकडचा भाग, यांची योग्य जागा साखरेचा पॅन नसून आंबवण्याची टाकी आहे, हे गेटवरच्या एका चाचणीने ठरवता येतं.

ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या उत्पादकांनी आणि कारखान्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस कोन्सेकाना नावाची पद्धत बसवली. तिथे प्रत्येक उत्पादकाच्या उसाचा नमुना घेऊन एकूण वसूल होऊ शकणारी साखर मोजतात. यात सुक्रोजबरोबर फुटलेल्या शर्कराही धरतात, कारण कारखाना दोन्ही माल बनवतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्येही पैसे ज्याच्या त्याच्या उसाच्या गोडीवर मिळतात. आपल्याकडे? आपल्याकडे वजनकाटा. २०२५-२६ साठी रास्त आणि किफायतशीर दर क्विंटलला ३५५ रुपये, तो १०.२५ टक्के उताऱ्याला, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. ऐकायला छान. पण हा उतारा सगळ्या कारखान्याचा सरासरी असतो. ज्याने को ८६०३२ ही जात वेळेवर लावून, पाणी तोडून, पक्व होईपर्यंत थांबून ऊस दिला, त्याच्या नशिबीही तीच सरासरी आणि ज्याने कोवळा खोडवा टोळीला चहापाणी करून लवकर उरकला त्याच्याही. त्यात बी-हेवी मळी किंवा रस इथेनॉलकडे वळवला की कागदावरचा उतारा घसरतो. ती घट किती धरायची याचा दाखला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट देते. हिशेब होतो, पण तो कारखान्याचा. शेतकऱ्याच्या ट्रॉलीचा हिशेब कुणीच करत नाही.

कारखान्याकडे ही माहिती नसते असंही नाही. शेतकी खात्याची माणसं हंगामाआधी हातातला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण, बघतात, लागणीची तारीख आणि जात यांवरून तोडणीचा कार्यक्रम लावतात. फुले २६५ सारखी भरघोस पण उशिरा पक्व होणारी जात मागे ढकलायची, हे गणित त्यांना पाठ असतं. म्हणजे प्रतवारी आहे. फक्त तिचा फायदा गव्हाणीच्या आत राहतो.

नांदेडने या विषयातला एक धडा आधीच गिरवला आहे. २०१० च्या सुमारास टाटा केमिकल्सने नांदेडजवळ गोड ज्वारीपासून इथेनॉल काढण्याचा प्रकल्प उभारला, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या मदतीने. कल्पना भुरळ घालणारी होती. चार महिन्यांचं पीक, वर कणीस, मधे रस, उरलेल्या चोथ्याचा चारा. त्याआधी कितीतरी वर्षं फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, जी बनविहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केली, गोड ज्वारीवर काम चालू होतं. ‘मधुरा’ हे वाण तिथलंच, आणि ज्वारीच्या अल्कोहोलवर चालणाऱ्या शेगड्याही तिथल्याच. गोड ज्वारीच्या रसाची शुद्धता कमी, त्यामुळे तिची साखर पाडणं जिकिरीचं. म्हणून ती खास इथेनॉलचंच पीक.

नांदेडचा प्रकल्प टिकला नाही. मोठी अडचण काळाची होती. ताटातली गोडी शिगेला पोचते ते दिवस थोडे, आणि तोडल्यावर रस झपाट्याने उतरतो. वीस गावांतून ताटं गोळा करून आणेपर्यंत प्रतवारी आपोआपच होऊन गेलेली असते, नको त्या दिशेने. इक्रिसॅटने मेदक जिल्ह्यातल्या इब्राहिमाबादला गावातच रस काढून त्याचा काकवीसारखा पाक करून पाहिला, तो याच कारणासाठी. आणि दुसरी अडचण साधी: टनामागे गोड ज्वारी सुमारे ४० लिटर देते, ऊस थेट रसातून ७०. टनावर मोजलं तर ज्वारी हरणारच.

मग पाण्यावर मोजू. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं असं लिहिलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. त्या सगळ्या पाण्याचा ऊस केला असता तर पावणेदोनशे लिटर इथेनॉल झालं असतं. चार मोटारींच्या टाक्या. मी ढोबळ हिशेब ज्वारीचाही करून पाहिला: हेक्टरी ४० टन ताटं, ५०० मिलिमीटर पाणी धरलं, तर लिटरला ३,१०० लिटरच्या आसपास पाणी येतं. म्हणजे ज्वारी उसाहून काटकसरी नाहीच! ज्वारीचे भाट याला नाक मुरडतील. पण ज्वारीचं पाणी पावसाळ्यात आभाळातून थेट शेतात पडतं. उसाचं पाणी धनेगावच्या मांजरा धरणातून किंवा सातशे फुटांच्या बोअरमधून येतं, ज्या पाण्यावर लातूर शहरही तहान भागवतं. शिवाय ज्वारीच्या त्याच हिशेबात धान्य फुकट मिळतं. तेव्हा पाण्याचे लिटर मोजण्याआधी ते पाणी कुणाचं, हे विचारायला हवं. विभागीय आयुक्त असताना सुनील केंद्रेकरांनी २०१९ मध्ये मराठवाड्यात ऊसच नको अशी शिफारस केली, तिची धार याच प्रश्नात होती.

धान्याच्या बाजूला तर कथा आणखी गुंतलेली. २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्यांना अनुदान देऊ केलं, तेव्हा पावसात काळी पडलेली खरीप ज्वारी हे कारण पुढे होतं. डॉ. अभय बंगांसह अनेकांनी विरोध केला, तो दारूसाठी. पण काळ्या ज्वारीला एक तांत्रिक खोड आहे, तिच्याकडे कुणी फार पाहिलं नाही. बुरशीचं विष अल्कोहोलबरोबर वर येत नाही. पिष्ट निघून गेल्यावर ते उरलेल्या चोथ्यात सुमारे तिप्पट घट्ट होतं, आणि तो चोथा, डीडीजीएस, कोंबड्या-म्हशींच्या खाद्यात जातो. लिटर मोजणाऱ्या यंत्राला हे दिसत नाही. आणि मक्याचा तोच डीडीजीएस स्वस्तात बाजारात आल्यावर सोयापेंडेला गिऱ्हाईक कमी झालं, हे लातूरच्या आडतीला २०२४-२५ मध्ये कळलं. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. लातूरच्या सोयाबीनचा भाव मक्याच्या टाकीत ठरू लागला.

शेवटी हेही ध्यानात घ्यावं की ही क्रमवारी एका आदेशाने उलटते. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने रसापासून इथेनॉल बंद केलं आणि नोव्हेंबर २०२४ पासून पुन्हा मोकळं केलं. टाक्या उभारायला कर्ज काढलेले कारखाने मधल्या काळात हवालदिल झाले; उसाची जात बदलणारा शेतकरी एवढ्या चपळाईने बदलू शकत नाही.

म्हणून प्रतवारीला माझा विरोध नाही. आंधळी सरासरी मला जास्त अन्यायाची वाटते. पण यंत्र एकट्या खरेदीदाराच्या हातात असलं तर ते फक्त कापणीचं हत्यार होईल. तुम्ही कारखान्याचे सभासद असाल तर पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एवढाच ठराव मांडा: वजनपावतीवर टनांच्या शेजारी त्या ट्रॉलीचा ब्रिक्स छापावा, नमुना शेतकऱ्यासमोर काढावा, आणि जादा गोडीचा जादा पैसा ज्याचा त्याला मिळावा. हे होत नाही तोवर साडेनऊ उताऱ्याचा ऊस आणि बारा उताऱ्याचा ऊस एकाच भावाने गव्हाणीत पडत राहील.