रानडुकराचा अपराध कोणता?

1980 च्या दशकापासून कॅनडात मांसासाठी युरोपातली रानडुकरे आणली गेली. बाजार कोसळल्यावर काही निसटली, काही मालकांनीच सोडली. तिथल्या सस्कॅचेवन प्रांताच्या हाडे गोठवणाऱ्या हिवाळ्यात ती पाणकणसांच्या बेटात, बर्फाखाली निवारा करून तगली. आता ती पाणथळ जागा उकरतात, जमिनीवरची घरटी फस्त करतात. अपराध आणणाऱ्याचा, म्हणून त्यांना मारणे ही शिक्षा असूच शकत नाही. मग अहिंसा म्हणून हात आवरावा? तर माणसाच्या चुकीची किंमत पक्ष्यांची पिल्ले मोजतील. अशा अलिप्ततेला मी अहिंसा मानत नाही. म्हणजे डुकरांना मारावे लागेलच. शिकारी म्हणतील, आम्ही तेच तर करतो. पण गोळीबाराने कळप पांगतो, वाचलेली डुकरे सावध होऊन नव्या मुलखात वाढतात. अख्खा कळप सापळ्यात धरून कमीत कमी वेदना देत मारणे, हेच मला कर्तव्य वाटते, आणि त्यात हौसेला जागा नाही.